सुरतेचा रविवार : ऐकीव आणि खरं

सुरतेचं नाव काढलं की मराठी माणसाच्या तोंडी आधी महाराजांची स्वारी येते, मग साड्या, आणि अलीकडे हिरे. सगळा मामला पैशाचा. त्यामुळे एखादा रविवार सुरतेत निवांत घालवू म्हटलं तर घरचेच विचारतात, ‘तिथे आहे काय?’ सुरतेबद्दल आपल्याकडे पक्क्या बसलेल्या समजुतींपैकी काही निव्वळ ऐकीव आहेत, काही अर्ध्या खऱ्या आहेत. रविवारच्या निमित्ताने त्या तपासून पाहू.

गैरसमज : धंद्याचं गाव, तिथे विरंगुळा कसला?

सुरती माणूस सहा दिवस धंद्यापलीकडे बघत नाही, हे खरं. पण रविवारी संध्याकाळी तो ज्या निष्ठेने आराम करतो, ती निष्ठा पुण्यातल्या दुपारच्या झोपेलाही जमणार नाही. त्या संध्याकाळी असंख्य घरांत चूल पेटत नाही. हा तिथला न लिहिलेला नियम आहे आणि तो मोडायची घरातल्या कोणालाच इच्छा नसते. एकतर सहकुटुंब बाहेर खायचं, नाहीतर दुपारीच ठेपले, बटाट्याची सुकी भाजी, लोणचं असं डब्यात भरून ठेवायचं आणि ऊन उतरलं की बाहेर पडायचं.

बाहेर म्हणजे कुठे? नवख्या माणसाची इथेच फसगत होते. तो नकाशात बागा, मॉल, तिकिटाची ठिकाणं शोधतो, आणि सुरती कुटुंब रस्त्याच्या कडेला बसलेलं असतं. अठवा लाइन्सकडून डुमसच्या दिशेने जाणारा जो रुंद रस्ता आहे त्याला गौरवपथ म्हणतात. रात्री त्याच्या पदपथावर सतरंज्या अंथरलेल्या दिसतात. गाडीची डिकी उघडी, त्यात पाण्याचा जग आणि डबे. एकीकडे पत्त्यांचा डाव, दुसरीकडे आजीबाईंसाठी घडीची खुर्ची, मधल्या जागेत पोरांचा धुडगूस. शेजारच्या सतरंजीवरच्यांची ओळख असलीच पाहिजे असं नाही. तापीवरच्या पुलांजवळ आणि सिंगणपोरच्या कॉजवेपाशीही हाच प्रकार. दुसऱ्या दिवशी ‘काल कुठे जाऊन आलात?’ असं विचारलं तर उत्तरात ठिकाणाचं नाव येईलच असं नाही. ‘बस, बेठा हता’, म्हणजे बसलो होतो, एवढं उत्तर पुरतं.

सुट्टीचं नियोजन करणाऱ्या आपल्या पिढीला हे जरा खटकतं. आपल्याला रविवारी काहीतरी ‘करून’ यावं लागतं. सुरतेचा रविवार बसण्याचा आहे. तिथे दहा ठिकाणांची यादी घेऊन फिरणारा पाहुणा संध्याकाळी दमलेला असतो आणि शहर त्याला दिसलेलं नसतं.

याच बसण्याचा मोठा सोहळा पाहायचा तर कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी जावं. आपण पौर्णिमेला दूध आटवून मोकळे होतो. सुरतेत खरी धमाल त्यानंतरच्या प्रतिपदेला, म्हणजे चंदनी पडव्याला असते. त्या रात्री शहर घारी आणि भुसुं घेऊन रस्त्यावर येतं. घारी म्हणजे मावा, सुकामेवा भरून तळलेली आणि वरून तुपाचा जाड थर दिलेली मिठाई. भुसुं म्हणजे तिखट फरसाण, तोंडाचा गोडवा मोडायला. १८५७ च्या धामधुमीत तात्या टोप्यांच्या सैनिकांना ताकद यावी म्हणून घारी बनवली गेली, असं सुरतेत अभिमानाने सांगतात. मराठी पाहुण्याला तर हमखास सांगतात. पण तात्यांची गुजरातेतली धाव डिसेंबर १८५८ मध्ये छोटाउदेपूरजवळच्या पराभवापाशी थांबली. तिथून सुरत बरीच लांब. घारी खाताना मात्र हा मुद्दा काढू नये, समोरचा दुसरी वाढायचा थांबेल.

गैरसमज : प्लेगचं शहर ते, रस्त्यावर बसून खायचं म्हणजे दुखणं ओढवून घेणं

सप्टेंबर १९९४ मधल्या प्लेगच्या बातम्या आठवणारी पिढी अजून आहे. लाखो माणसं मिळेल त्या गाडीने सुरत सोडून गेली, त्यात खानदेशात परतलेली मराठी कुटुंबंही होती. मुंबईच्या स्थानकांवर सुरतेहून आलेल्या माणसाकडे संशयाने पाहिलं जायचं. ती भीती मनात इतकी रुतली की पुढे काय घडलं ते फारसं कुणी विचारलं नाही.

पुढे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवलं, खाद्यपदार्थांच्या दुकानांना स्वच्छतेचे नियम लावले, न पाळणाऱ्यांना, मग ते कितीही बडे असोत, टाळं लावलं. रस्ते रात्री झाडायची पद्धत बसली. राव गेले तरी घडी राहिली, हे विशेष. आपल्याकडे आयुक्त बदलला की झाडूही बदलतो. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या जोडीने पहिला क्रमांक घेतला. क्रमांकांवर माझा फार विश्वास नाही. पण लोक ज्या पदपथावर लहान मूल घेऊन जेवायला बसतात, तो पदपथ कसा असेल याचा अंदाज सर्वेक्षणाशिवायही येतो. गौरवपथावरच्या सतरंजीखाली हा तीस वर्षांचा इतिहास आहे.

गैरसमज : रविवारी जाऊ, म्हणजे लग्नाचा बस्ताही होईल

होणार नाही. रिंग रोडवरची कापडाची घाऊक मार्केटं रविवारी बंद असतात. दरवर्षी लग्नसराईत कुणीतरी आत्या-मावश्यांसकट सुरतेला उतरतं आणि शटर पाहून परततं. साड्यांसाठी शनिवार धरा, रविवार मोकळा ठेवा. हिऱ्यांच्या बाबतीतही हेच. खजोदच्या डायमंड बोर्सचं उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ ला झालं, तो रविवार होता; पण महिधरपुऱ्याच्या गल्लीत स्कूटरवर बसून कागदाच्या पुडीतले हिरे न्याहाळणारे दलाल पाहायचे तर कामाचाच दिवस हवा.

गैरसमज : सुरतेत जुनं काही उरलेलं नाही

या समजुतीला थोडा आधार आहे. १८३७ च्या आगीत नऊ हजारांवर घरं जळाली, तापीच्या पुरांनी तर शहर वारंवार धुऊन काढलं. ऑगस्ट २००६ चा पूर ताजाच आहे. जुन्या सुरतेतले सागवानी वाडे त्यामुळे तुरळक उरले. पण जे उरलंय ते रविवारच्या सकाळी चालत पाहण्यासारखं आहे. ‘सुरतेची लूट’ शाळेत पाठ केलेल्या मराठी माणसाने तर पाहावंच.

सुरुवात चौक बाजारच्या किल्ल्यापासून करावी. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना कंटाळून गुजरातच्या सुलतानाने तो १५४० च्या दशकात खुदावंद खानाकडून बांधून घेतला. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले तेव्हा सुभेदार इनायत खान शहर वाऱ्यावर सोडून याच किल्ल्यात दडून बसला होता. शहर लुटलं गेलं, किल्ला पडला नाही. आता महापालिकेने त्याची डागडुजी करून आत संग्रहालय केलंय. नदीकडच्या बुरुजावर उभं राहिलं की एक गोष्ट लक्षात येते. मोठी जहाजं इथवर येतच नसत. ती समुद्रावर सुवाळीला नांगर टाकत आणि माल लहान होड्यांतून तापीमार्गे शहरात येई. सुवाळीच्याच पाण्यात १६१२ मध्ये थॉमस बेस्टने पोर्तुगीजांना हरवलं आणि इंग्रजांना वखारीची वाट मोकळी झाली.

किल्ल्यापासून जवळच मुगलीसरा. शाहजहानच्या काळात, १६४४ मध्ये यात्रेकरू आणि व्यापाऱ्यांसाठी बांधलेली ही सराई. आज तिथे महापालिकेचं मुख्यालय आहे. रविवारी कचेरी बंद, त्यामुळे गर्दीशिवाय दरवाजा नीट पाहता येतो. महाराजांचे घोडेस्वार शहरात शिरले तेव्हा ही इमारत वीस वर्षांची होती.

मग रिक्षा करून कतारगाम दरवाजाकडे. तिथे इंग्रजांची दफनभूमी आहे, आणि थोड्या अंतरावर डच आणि आर्मेनियन लोकांची. दफनभूमीत रविवार घालवायचा हा सल्ला विचित्र वाटेल, पण आत पाऊल टाकल्यावर वाटणार नाही. साध्या क्रुसांच्या ऐवजी समोर घुमट, कमानी, खांब, दुमजली मकबरेच उभे राहतात. सुरतेत राहून गोऱ्या व्यापाऱ्यांना मोगली थाट इतका भावला की मेल्यावरही तोच हवा होता. यातल्या सर्वांत मोठ्या इंग्रजी मकबऱ्यात ख्रिस्तोफर आणि जॉर्ज ऑक्झेंडन हे दोघे भाऊ आहेत. जॉर्ज म्हणजे १६६४ मध्ये मराठ्यांपुढे वखार अडवून बसलेला इंग्रजांचा प्रमुख. त्याबद्दल कंपनीने त्याला सुवर्णपदक दिलं, औरंगजेबाने जकातीत सूट दिली. १६६९ मध्ये तो इथेच वारला, म्हणजे १६७० ची दुसरी स्वारी पाहायला उरला नाही. आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत येऊन जाणारा माणूस इथे दुमजली दगडाखाली भेटतो.

डचांच्या बाजूला हेंड्रिक व्हॅन रीड. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करवून घेतला. १६९१ च्या अखेरीस जहाजावर वारला आणि सुरतेत पुरला गेला. ऑक्झेंडनच्या मकबऱ्यावर मात करायची म्हणून डचांनी याचा आणखी भव्य बांधला, असं सांगतात. सुरतेची हवाच अशी असावी, स्पर्धा मेल्यावरही सुटत नाही.

आणखी एक गोष्ट फक्त मराठी माणसाच्या कामाची. डिसेंबर १९०७ मधलं काँग्रेसचं अधिवेशन नागपूरहून हलवून सुरतेला नेलं ते टिळकांच्या माणसांपासून दूर म्हणून. ते भरलं तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये. २७ तारखेला टिळक बोलायला व्यासपीठावर चढले, त्यांना अडवलं गेलं, ते हटेनात, आणि मंडपातून एक दख्खनी जोडा उडत आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता या दोघांनाही लागला. खुर्च्या, काठ्या निघाल्या, काँग्रेस फुटली. सुरतेत मराठ्यांचं नाव निघालं की सुरती म्हातारा गालात हसतो, त्यामागे १६६४ च असेल असं धरून चालू नये.

गैरसमज : ‘सुरतनुं जमण’ कधीही जा, उंधियु तयारच

काशीचं मरण आणि सुरतेचं जेवण ही म्हण आपल्याकडेही पोचली आहे, पण ऋतूचं भान मागेच राहिलं. मे महिन्यात सुरतेत उंधियु मागणारा माणूस हा आषाढात हुरड्याला जाणाऱ्यासारखाच. उंधियु थंडीचं. सुरती पापडी, कंद, रताळी, मेथीची मुठियां, हिरवा लसूण यांची मोट थंडीतच बांधली जाते, आणि संक्रांतीला तिचा कळस.

हुरड्यावरून आठवलं. सुरतेचा पोंक म्हणजे आपला हुरडाच, कोवळ्या ज्वारीचा. पण खायची तऱ्हा वेगळी. आपण शेतात आगटीभोवती बसून दाण्याची चटणी, गूळ, दह्याबरोबर खातो. सुरतेत तो शहरात विकायला येतो. अडाजणच्या बाजूला थंडीत पोंकाची दुकानं लागतात. गरम पोंक, त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव, साखरेचे दाणे, बरोबर ताक. जोडीला पोंकवडे. शेत शहराने गिळलं, तरी हुरडा सोडला नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच त्याचा काळ. याच दिवसांत पहाटे नीराही मिळते, पण सूर्य वर येण्याआधी उठलात तर. गुजरातेत दारूबंदी आहे आणि ती खरीखुरी आहे. नीरा मात्र ताजी असेपर्यंत निर्दोष.

बारमाही काय? सकाळचा लोचो. भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून, सैलसर वाफवून, पळीने खरवडून द्यायचा. वर तेल किंवा लोणी, शेव, कांदा, हिरवी चटणी. बिघडलेला खमण म्हणून त्याला हिणवू नये. इतका सैल ठेवूनही तो चिकट होऊ न देणं ही कारागिरी आहे. रविवारी लवकर जावं, गर्दी होते.

गैरसमज : गुजरात आहे, मांसाहार विसरा

सुरतेपुरता तरी विसरू नका. दाऊदी बोहरांची मोठी वस्ती आणि त्यांचं जामिया विद्यापीठ याच शहरात आहे, आणि झांपा बाजारातली संध्याकाळ तव्यांच्या आवाजानेच सुरू होते. अंड्याचे तर सुरतेत गाडेच्या गाडे. उकडलेलं अंडं किसून त्यात अर्धवट तळलेलं अंडं फोडून बनवलेला घोटाळा पावाबरोबर खाताना शेजारी कोण बसलंय हे कुणी विचारत नाही.

त्याहून मजेशीर नदीपलीकडचं रांदेर. सुरतेच्याही आधीचं हे बंदर. इथले मुसलमान व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या रंगूनला जात-येत, आणि येताना तिथलं खाणं घेऊन आले. म्हणून नारळाच्या दुधातला खावसा आज सुरतेच्या शाकाहारी घरांतही रविवारी होतो आणि कुणाला तो परका वाटत नाही. रांदेरची आलुपुरीही चाखावी. कोकमाच्या चटणीमुळे ती कोकणी जिभेला लगेच ओळखीची वाटेल.

गैरसमज : डुमसला भुतं आहेत

काळी वाळू आणि जवळचं स्मशान, एवढ्या भांडवलावर ही कथा उभी आहे. वाळू काळी आहे ती खनिजांमुळे. रविवारी संध्याकाळी तिथे उंट, घोडे, कणसं, टोमॅटोची भजी आणि इतकी माणसं असतात की भुताला उभं राहायला जागा मिळायची नाही. भ्यायचंच असेल तर भरतीला भ्या. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी पाणी झपाट्याने चढतं, ओहोटीला लांबवर ओसरतं, आणि गाळात पाय रुततो. पोहण्याचा हा किनारा नव्हे. भजी खाऊन परत फिरावं.

गैरसमज : रविवार म्हणजे सगळ्या शहराला सुट्टी

गौरवपथावरून हे शहर पाहिलं तर तसंच वाटतं. लिंबायत, उधना, दिंडोली, पांडेसराकडून पाहिलं की चित्र फिरतं. अनेक यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. मजुरी मीटरवर. म्हणजे सुट्टी घेतली की त्या दिवसाचे पैसे गेले. ओडिशातल्या गंजामहून आलेले कामगार मेसमध्ये राहतात. दिवसपाळीचा उठला की त्याच जागेवर रात्रपाळीचा आडवा होतो. माग बंद पडले आणि दोन्ही पाळ्या एकाच वेळी खोलीवर आल्या, तर अंग टाकायला जागा कुठली? मग तेही रस्त्यावर येऊन बसतात. बसणं तेच, पण इथे घराबाहेर पडणं ही हौस नसते. हिऱ्याच्या कारखान्यात रविवार बहुधा मोकळा, पण तिथेही पगार बहुतेकांचा नगावर. ऑगस्ट २०२४ मध्ये मागणी घटली म्हणून एका मोठ्या हिरे कंपनीने दहा दिवसांची सुट्टी जाहीर केली, तेव्हा रत्नकलाकारांच्या घरी कुणी सतरंज्या काढल्या नसतील.

याच भागात मराठी सुरत राहते. विसाव्या शतकाच्या तोंडावर तापीच्या खोऱ्यातून सुरत-अमळनेर रेल्वे झाली आणि खानदेशासाठी मुंबईपेक्षा सुरत जवळची ठरली. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे येत राहिली. महापालिकेच्या शाळा सात माध्यमांतून चालतात, त्यातलं एक मराठी. लिंबायतच्या आमदार २०१२ पासून संगीता पाटील. इथल्या गल्लीत अहिराणी कानावर पडते आणि भाजीवाल्याकडे भरताची वांगी मिळतात. पाहुण्यांना सुरत दाखवणारे बहुतेक लोक या बाजूला त्यांना आणतच नाहीत.

आणि या सुरतेला स्वतःचा एक रविवार आहे. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार कानबाईचा. खानदेशातून येताना माणसांनी आपली देवीही बरोबर आणली. नारळाला दागिने, नथ घालून तिची स्थापना करायची, रात्रभर गाणी, फुगड्या, जागरण. सोमवारी वाजतगाजत विसर्जन. नैवेद्याचे रोट असतील तर ते भाऊबंदकीतच संपवायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. त्यासाठी चुलत-मालत सगळे एका घरात जमतात. मजुरी बुडाली तरी त्या दोन दिवसांची रजा पडतेच. श्रावणात सुरतेला जाणार असाल तर पालच्या मत्स्यालयाची रांग सोडून त्या रात्री उधना-लिंबायतच्या गल्ल्यांत चक्कर मारा. रोट मिळणार नाहीत, चहा नक्की मिळेल.